ती लालसर जर्मन चिल्लर घासू नका! हिणकस चांदीच्या नाण्यांबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाच्यानं लाइपझिगच्या जुन्या बाजारातून एका डबीत काही बारीक जर्मन नाणी आणलीत, काही काळपट, काही मधेच तांब्यासारखी लाल, एकावर गोळा आणि त्यावर क्रॉस, एकावर मूल घेतलेली बाई, एक वाटीसारखं वाकलेलं आणि एक जरा मोठं, १७५३ सालचं. विकणारा म्हणाला चांदीची आहेत, तुमचा सराफ म्हणाला चांदी-बिंदी काही नाही हे तांबं आहे, आणि आता तुम्हाला ती चिंचेनं घासून खरं काय ते बघायचंय. तर आधी एवढंच, की चिंच लावू नका. लिंबू नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच नको. कारण पुढं येईलच पण तोवर हात आवरा.

आता विकणारा आणि सराफ, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ही नाणी चांदी आणि तांबं एकत्र वितळवून केलेल्या मिश्रधातूची, ज्यात चांदी निम्म्याहून कमी असते. युरोपातले लोक याला बिलन म्हणतात, आपल्याकडचा सराफ सरळ हिणकस म्हणेल. जर्मन टांकसाळीत चांदीचा कस लोटमध्ये मोजायचे, १६ लोट म्हणजे शुद्ध, ८ लोट म्हणजे निम्मी, ४ लोट म्हणजे पाव. आणि वजन मोजायचं ते कोलोनच्या मार्कमध्ये, साधारण २३३.८ ग्रॅम, म्हणजे आपला जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा धरला तर जवळजवळ बरोब्बर २० तोळे. हे लक्षात ठेवलं की जर्मन कॅटलॉगमधले निम्मे आकडे आपोआप उलगडतात, कारण तिथं सगळं "एका मार्क शुद्ध चांदीतून किती थालर" (थालर म्हणजे तिकडचं मोठं चांदीचं नाणं) याच भाषेत लिहिलेलं असतं.

तांबं घातलं म्हणजे लबाडी केली असं लगेच समजू नका. थोडा हिशोब करा. १५६६ मध्ये साम्राज्यानं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्या जर्मन राज्यांना धरून असलेल्या पवित्र रोमन साम्राज्यानं, मान्य केलेला राइशथालर म्हणजे एका मार्कात ९, प्रत्येकात सुमारे २६ ग्रॅम चांदी. सॅक्सनीकडं एका थालरचे २४ ग्रोशन आणि एका ग्रोशनचे १२ फेनिग, म्हणजे थालरचे २८८ फेनिग. २६ ला २८८ नं भागा, ०.०९ ग्रॅम आलं. एवढ्या शुद्ध चांदीचं नाणं पाडलं तर ते बोटाच्या चिमटीत सापडणार नाही आणि फुंकर मारली की उडेल, त्यामुळं हातात धरण्याइतकं मोठं करायला तांबं घालावंच लागतं, दुसरा इलाजच नाही.

खरी गोम मजुरीत आहे. एक थालर पाडायला एक चकती कापायची, एकदा वजन करायचं, एकदा ठोकायचं. तेवढ्याच चांदीचे फेनिग पाडायचे तर २८८ चकत्या कापा, २८८ तापवा, उकळवा, ठोका. कोळसा तेवढाच जास्त, माणसं तेवढीच जास्त, कापताना होणारी घट जास्त. १५५९ च्या आउग्सबुर्गच्या शाही नाणे-कायद्यानं लहान नाण्यांचा कस ठरवून दिला खरा, पण तो इतका चांगला ठेवला की नियमानं चाललं तर प्रत्येक बारीक नाण्यामागं टांकसाळीला खोट. मग होणार काय? ज्यांच्याकडं स्वतःच्या चांदीच्या खाणी नाहीत असे छोटे राजे, बिशप, शहरं, सगळ्यांनी हळूहळू लोट कमी करायला सुरुवात केली. थोडं इकडं, थोडं तिकडं, आणि वर्षानुवर्षं कोणी फार बोललं नाही कारण बाजाराला सुट्टे पैसे हवेच होते. पाव विकत घ्यायला कोणी थालर घेऊन जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की पुढं जो सगळा गोंधळ झाला त्याचं मूळ राजांच्या हावरेपणाइतकंच, किंबहुना जास्तच, या चुकलेल्या हिशोबात आहे. हाव नंतर आली आणि तिनं या फटीतून आत शिरून घर खाल्लं.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडं, लाल का दिसतं. पाव चांदीचा आणि पाऊण तांब्याचा धातू वितळवून ओतला तर तो पांढरा दिसतच नाही, लालसरच दिसतो. आणि लालसर नाणं ग्रोशन म्हणून बाजारात कोण घेईल? म्हणून टांकसाळीत ठोकण्याच्या आधी चकत्या तापवायचे, त्यात वरच्या थरातलं तांबं जळून काळं पडायचं, मग त्या गरम चकत्या वाइनच्या पिंपात तळाशी साचणारा आंबट खार आणि मीठ घातलेल्या पाण्यात उकळायचे. तांब्याचा काळा थर विरघळून जायचा आणि वर चांदीचा एक बारीक, सच्छिद्र थर उरायचा. छाप्याखाली ठोकलं की तो दाबला जाऊन चकाकायचा. म्हणजे हापूसच्या पेटीत वरचा थर निवडक आणि खाली काय आहे ते घरी गेल्यावर कळणार, अगदी तोच प्रकार. हा मुलामा नाही बरं का, बाहेरून चांदी लावलेली नाही, नाण्याच्याच अंगातलं तांबं काढून वरवर चांदी उघडी केलेली आहे. सगळ्या जर्मन टांकसाळी हे करत, प्रामाणिकसुद्धा.

आणि आता गंमत बघा. तो वाइनचा खार म्हणजे टार्टारिक ऍसिडचं मीठ, आणि आपल्या चिंचेत आंबटपणा येतो तो मुख्यतः त्याच टार्टारिक ऍसिडमुळं. म्हणजे चिंच-मीठ लावून तुम्ही नेमकं तेच करणार जे टांकसाळीनं केलं होतं, फक्त ४०० वर्षं उशिरा, वर ठोकणारा छापा नसताना, आणि घासून. तो मूळचा थर मुळात कागदापेक्षाही पातळ. घासलात की तो जातो, खालून लाल तांबं बाहेर येतं, मग तुम्ही अजून घासता, आणि शेवटी हातात एक चकचकीत गुलाबी चकती राहते जिच्यावरची अक्षरंही गुळगुळीत झालेली असतात. अशी नाणी मी डब्यांनी बघितलीत, कलेक्टर हातात घेतो आणि काही न बोलता परत ठेवतो. थालरला चुकून कोणी पॉलिश केलं तर निदान चांदी म्हणून किंमत राहते, यात तेही नाही. तुमच्या नाण्यांवर कडांना आणि नक्षीच्या उंच भागांवर जी लाली दिसतेय ना, ती वापरामुळं थर झिजल्याची खूण आहे, ती तशीच असू द्या.

यावरूनच दुसरी गोष्ट. सराफाकडं कॅरेटमीटर असेल तर तुम्हाला वाटेल एकदा लावून बघू, आकडा तर मिळेल. मिळेल, पण खोटा. ते मशीन वरचा अगदी पातळ थर वाचतं, आणि इथं वरचा थरच फसवा आहे. पाव चांदीचं नाणं निम्मी चांदी म्हणून दाखवेल, जमिनीत पुरलेलं असलं तर अजूनच जास्त कारण मातीतसुद्धा तांबं आधी निघून जातं. उलट झिजलेल्या लाल जागी लावलं तर आकडा एकदम खाली. एकाच नाण्यावर तीन जागी तीन कस येतात आणि मग लोक मशीनला शिव्या घालतात. कसोटीच्या दगडावर घासलं तरी पहिला ओरखडा त्या वरच्या कातडीचाच.

मग पाण्यात बुडवून घनता काढावी का? थालरला जमतं. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, पाव चांदीचा धातू सुमारे ९.३ आणि निम्म्या चांदीचा साधारण ९.६७. आता १ ग्रॅमच्या नाण्यावर हा फरक म्हणजे बाजूला सरकणाऱ्या पाण्यात ०.००४ ग्रॅमचा फरक. सराफी काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, त्यामुळं तो प्रयोग सोडून द्या, एक हवेचा बुडबुडा चिकटला तरी उत्तर बदलेल. जुन्या काळी खरी परीक्षा एकच होती, नाण्याचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत जाळायचा, तांबं-शिसं राख पिऊन घेते, शुद्ध चांदीचा मणी उरतो, तो तोलायचा. टांकसाळीचा परीक्षक, ज्याला ते वार्डाइन म्हणत, हेच करायचा. आपण अर्थातच नाणं जाळणार नाही, आणि गरजही नाही, कारण कुठल्या राज्याचं कुठल्या सालचं ते कळलं की कस पुस्तकात सापडतो.

एकट्या नाण्याच्या वजनावरूनही फार निष्कर्ष काढू नका. हे मी मुद्दाम सांगतोय कारण नवीन लोक इथंच अडकतात, कॅटलॉगमध्ये अमुक ग्रॅम लिहिलंय आणि माझं कमी भरतं म्हणून नकली असं म्हणून मोकळे. थालर एकेक तोलून द्यायचे पण बारीक नाणी ढिगानं मोजायची, एका मार्क वजनाच्या धातूतून इतकी नाणी निघाली पाहिजेत एवढाच नियम, त्यातलं एखादं जाड एखादं पातळ चालायचं. म्हणजे एकाच दिवशी एकाच छाप्यातून पडलेल्या दोन नाण्यांत चांगलाच फरक असू शकतो. आणि याच ढिलाईवर एक अख्खा धंदा उभा राहिला: काटा घेऊन बसायचं, आलेल्या गल्ल्यातली जड नाणी बाजूला काढायची, ती वितळवणाऱ्याला विकायची आणि हलकी पुन्हा बाजारात सोडायची. तराजूचं पारडं वरखाली करणाऱ्या या लोकांवरूनच त्या काळाला किपर उंड विपर असं नाव पडलं.

तो काळ म्हणजे साधारण १६१९ ते १६२३, तीस वर्षांचं युद्ध नुकतंच पेटलेलं. सैन्याला पगार द्यायचा, तिजोरीत नाही, मग टांकसाळ मक्त्यानं द्या. पेशवाईतल्या मक्त्याच्या टांकसाळी आणि बट्ट्याचे वाद ज्यांनी वाचलेत त्यांना हे लगेच कळेल. मक्तेदार राजाला ठरलेली रक्कम देणार आणि ती वसूल करणार नाण्यातली चांदी कमी करून. साम्राज्याचे १० विभाग होते, प्रत्येक विभागात मोजक्याच टांकसाळी असाव्यात आणि तिथल्या नाण्यांची ठराविक बैठकीत परीक्षा व्हावी असं १५७० मध्ये ठरलेलं, ते सगळं गुंडाळून ठेवलं. ब्राउनश्वाइग-वोल्फनब्युटेलच्या फ्रीडरिश उलरिश नावाच्या ड्यूकच्या मुलखात तर डझनावारी टांकसाळी निघाल्या. स्वतःच्या मुलखात हिणकस नाणी पाडायची आणि गाड्या भरून शेजारच्या मुलखात पाठवायची, तिथल्या शेतकऱ्याकडून त्या मोबदल्यात चांगली जुनी नाणी आणि भांडी गोळा करायची, ती आणून वितळवायची आणि पुन्हा तेच. शेजारचा राजाही मग तेच करणार, नाहीतर त्याची सगळी चांदी वाहून जाणार. तांब्याला इतकी मागणी आली की स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी भट्टीत गेली.

आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. दक्षिण जर्मनीत क्रॉयट्झर चालायचा, ६० क्रॉयट्झरचा एक गुल्डन. १५६६ मध्ये एक राइशथालर ६८ क्रॉयट्झरला, शतक संपताना सत्तरीच्या पुढं, युद्ध सुरू व्हायच्या सुमाराला नव्वदीत, आणि १६२२ मध्ये काही ठिकाणी ६०० क्रॉयट्झर मोजूनही थालर मिळेना. थालर तोच, त्यातली चांदी तीच, फक्त क्रॉयट्झर नुसतं तांबं उरलं. १६२२ मध्ये बोहेमियात तर सम्राटानं मोराविया आणि लोअर ऑस्ट्रियासकट टांकसाळींचा मक्ता ६० लाख गुल्डनच्या बोलीवर एका मंडळीला दिला, त्यात राज्यपाल लिख्टेनश्टाइन होता, पुढं सेनापती म्हणून गाजलेला वालनश्टाइन होता, हान्स दे विट हा सावकार आणि प्रागचा व्यापारी याकोब बासेवी होता. सैन्याचे पगार आणि जप्त केलेल्या इस्टेटी असल्या नाण्यांत चुकवल्या गेल्या, म्हणजे कोणाचं भलं झालं ते वेगळं सांगायला नको. भोगलं कोणी तर ज्यांचा पगार बांधलेला त्यांनी, शाळामास्तर, पाद्री, शहरातले मजूर. खाटीक आणि पाववाले ही नाणी घेईनात. माग्डेबुर्गला १६२२ मध्ये यावरून दंगल झाली. शेवटी राजांनाच कर आणि दंड म्हणून आपलीच लाल नाणी परत यायला लागली तेव्हा त्यांचे डोळे उघडले, आणि १६२३ च्या आसपास बहुतेकांनी थालर पुन्हा ९० क्रॉयट्झरला बांधून जुनी नाणी रद्द केली किंवा त्यांची किंमत पार खाली आणली. लोकांच्या घरात जी पोती पडली होती त्यांचं काय, तर काही नाही, बसा रडत.

तर आता तुमची डबी. गोळा आणि क्रॉस म्हणजे साम्राज्याचा राजगोल, त्याच्या आत आकडा असतो तोच महत्त्वाचा. तुम्ही लिहिलंय "झेड आणि चार", ते झेड नाही, त्या काळचा २ तसाच काढायचे. २४ म्हणजे थालरचा चोविसावा भाग, ग्रोशन. गोलात किंवा गरुडाच्या छातीवरच्या गोलात ३ असेल तर ३ क्रॉयट्झर, १२ असेल तर आणि बाजूला देवदूत ढाल धरून उभा असेल तर तो किपर काळात बेसुमार पाडलेला १२ क्रॉयट्झरचा प्रकार. साल शोधताना चार आकडे शोधू नका, बऱ्याचदा क्रॉसच्या दोन बाजूंना एकेक आकडा असतो, एकीकडं १ आणि दुसरीकडं ७ असेल तर १६१७. साल कापलं गेलं असेल तर सम्राटाचं नाव बघा, काठावरच्या अक्षरांत रुडोल्फ दुसरा दिसला तर १६१२ च्या आतलं, माथियास तर १६१२ ते १६१९, फर्डिनांड दुसरा तर १६१९ ते १६३७. किपर काळातल्या बऱ्याच नाण्यांवर मात्र साल नाही, राजा नाही, गाव नाही, कारण पाडणाऱ्याला नाव लावायचंच नव्हतं.

दुसऱ्या बाजूच्या ढालीवरून राज्य ओळखायचं. आडवे पट्टे आणि त्यावरून तिरकी पानांची माळ म्हणजे सॅक्सनी, तिरक्या शंकरपाळ्यांची नक्षी बव्हेरिया किंवा फाल्झ, राजदंड ब्रांडेनबुर्ग, देवदाराचं बोंड आउग्सबुर्ग, किल्ली ब्रेमेन, तीन मुकुट कोलोन, किल्ल्याचा दरवाजा हाम्बुर्ग. चाकाच्या बाबतीत सांभाळा, चाक दिसलं की सगळे माइन्झ म्हणतात पण एर्फुर्टवरही तेच चाक, ओस्नाब्र्युकवरही चाक. कधी दोन हुक एकमेकांवर आडवे ठेवल्यासारखी बारीक खूण दिसेल, ते धातूच्या पट्ट्या ओढायचे हुक, टांकसाळ-प्रमुखाची निशाणी. ती आणि शेजारची दोन-तीन अक्षरं नीट वाचता आली तर नाणं कुठल्या वर्षांतलं हे जवळपास नक्की होतं, म्हणून फोटो काढताना ती जागा स्पष्ट येऊ द्या.

मूल घेतलेली बाई म्हणजे मेरी आणि येशू, आणि ते नाणं मारीनग्रोशन. हा प्रकार १५०५ मध्ये गोस्लारला सुरू झाला, हार्त्सच्या खाणींजवळचं गाव, आणि मग सगळ्या उत्तर जर्मनीत पसरला. ८ फेनिगचा एक मारीनग्रोशन, ३६ चा एक थालर. म्हणजे ८ गुणिले ३६ करा, २८८. आणि सॅक्सनीचा ग्रोशन १२ गुणिले २४, तोही २८८. हे इतकं छान जुळतं म्हणून शिकायला सोपं, पण हाम्बुर्गला गेलात की थालरचे ४८ शिलिंग, ब्रेमेनला ७२ ग्रोटे, आणि एका दिवसाच्या प्रवासात व्यापाऱ्याला तीन हिशोब करावे लागत. सराफांची चैन होती नुसती!

वाटीसारखं वाकलेलं आहे ते एकाच बाजूनं छापलेलं फेनिग, त्याचा आकारच तसा असतो, पातळ पत्र्यावर एका बाजूनं ठोका बसला की तो वाटी होतो. कृपा करून ते सरळ करायला जाऊ नका. हा धातू जुना झाला की ठिसूळ होतो, दोन बोटांच्या दाबानं सरळ दोन तुकडे होतील. ग्रोशनसुद्धा थोडे बाकदार असतील तर तेही तसंच ठेवा, त्या काळी काही टांकसाळींत गोल रुळावर छापे कोरून त्यातून पट्टी ओढायचे त्यामुळं नाणं जन्मापासूनच किंचित वाकडं आणि जरा लांबट असतं.

त्यातलं जे सगळ्यात लाल आहे, ६ फेनिगचं, १७०२ सालचं, खाली ई-पी-एच अक्षरं असलेलं, ते मला फार आवडलं. ऑगस्टस द स्ट्राँग म्हणजे सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा, त्याला पोलंडची गादीही टिकवायची होती आणि स्वीडनशी युद्धही चालू होतं, पैसा पुरेना, म्हणून १७०१-०२ मध्ये लाइपझिगला हे सहा-फेनिगवाले अतिशय हलक्या कसाचे प्रचंड पाडले. काही दिवसांत वरचा पांढरेपणा जाऊन लाल दिसायला लागले आणि शेवटी किंमत उतरवली तेव्हा ज्यांच्याकडं होते त्यांनी उसासे टाकले, म्हणून लोकांनी नाव ठेवलं लाल उसासे. तेव्हा हे लाल आहे म्हणून खराब नाही, हे लालच असायला हवं. ई-पी-एच म्हणजे एर्न्स्ट पेटर हेख्ट, तिथला टांकसाळ-प्रमुख. काही विक्रेते ही अक्षरं बघून एफ्राइम या टांकसाळीच्या मक्तेदाराचं नाणं म्हणून विकतात, ते चूक, एफ्राइम पन्नास-साठ वर्षं नंतरचा.

आणि तो एफ्राइम कदाचित तुमच्या डबीतल्या त्या मोठ्या नाण्यात आहे, म्हणजे ८ ग्रोशन, राजाचा चेहरा आणि साल १७५३. त्याआधी एवढं लक्षात घ्या की मधल्या काळात थालरचा हिशोबच हळूहळू उतरत गेला होता. एका मार्क चांदीचे ९ थालर होते त्याचे १६६७ मध्ये झिना इथं ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनीनं हिशोबाचे साडेदहा केले, १६९० मध्ये लाइपझिगला १२, आणि १७५० मध्ये प्रशियात ग्राउमान नावाच्या माणसानं १४. १४ वर प्रशियाचं गणित नीट बसलं, पण १७५६ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा, ज्याला पुढं फ्रेडरिक द ग्रेट म्हणतात, तो सॅक्सनीत घुसला आणि लाइपझिगची टांकसाळ, तिच्या छाप्यांसकट, त्याच्या हातात पडली. तिचा मक्ता फाइटेल हाइने एफ्राइम आणि डॅनियल इट्झिग या मंडळींकडं गेला. शत्रूच्या राजाचा चेहरा, शत्रूची टांकसाळ, जुनं चांगलं साल, आणि आत चांदी कमी. १४ चे ३० थालर झाले, मग ४०. म्हणजे थालरमागं १६.७ ग्रॅम चांदी होती ती ६ ग्रॅमच्या खाली. बर्लिनमध्ये लोक म्हणत, बाहेरून फ्रेडरिक आतून एफ्राइम. मला यात खटकतं ते हे की शिव्या सगळ्या त्या ज्यू मक्तेदारांना बसल्या आणि हुकूम देणारा, नफ्यातला मोठा वाटा युद्धाला वापरणारा राजा मात्र ग्रेट राहिला. युद्ध संपल्यावर १७६४ मध्ये त्यानं पुन्हा १४ वर आणलं आणि आपलीच नाणी पडत्या भावानं परत घेतली. तर तुमचं १७५३ सालचं नाणं खरोखर १७५३ चं असेलच असं नाही, उलट झिजलेल्या गालावर आणि केसांवर लाली असेल तर ते युद्धातलं असण्याची शक्यता जास्त, आणि इथं पुन्हा तेच, घासलंत तर हा पुरावाच गेला.

किंमत विचारलीत. धातू म्हणून विसरा, १ ग्रॅमच्या नाण्यात पाव ग्रॅम चांदी, त्यात वितळवणारा मजुरी काय लावेल. कलेक्टरच्या बाजारात साधे ग्रोशन, मारीनग्रोशन आणि वाटी-फेनिग जर्मनीत अजूनही स्वस्तच मिळतात, कारण पाडलेच इतके होते. भाव ठरतो तो राज्यावर. मोठ्या राज्याचं सुंदर नाणं स्वस्त आणि एखाद्या दीडदमडीच्या काउंटचं, जेमतेम वर्षभर चाललेल्या टांकसाळीचं कुरूप, अर्धवट छापलेलं नाणं महाग, असं उलटं गणित आहे. त्यामुळं ओळख पटण्याआधी कुणाला देऊ नका, आणि त्याच वेळी फार स्वप्नंही बघू नका.

साफ करायचंच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, तेलकट असेल तर शुद्ध ऍसिटोनमध्ये बुडवून काढा (खिडकी उघडी, गॅस बंद), आणि मऊ सुती कापडावर ठेवून वाळू द्या, पुसू नका. बेकिंग सोडा आणि फॉइलवाला व्हिडिओ बघितला असेल तर तोही विसरा. काळपटपणा हा वरच्या चांदीवरचा थर आहे, तो स्थिर असतो, राहू दे. हिरवा आणि पावडरीसारखा सुटणारा डाग मात्र दिसला तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा. मुंबई-कोकणात राहत असाल तर हा त्रास जास्त, खारी दमट हवा आणि तांब्याचं वैर आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून चिकट हिरवं काहीतरी सुटतं, मायलारची पाकिटं किंवा साधी ऍसिड-फ्री कागदी पाकिटं घ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका आणि ते दर पावसाळ्यात बदला. रबरबँड डब्यात नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी होते.

भाचा पुन्हा त्या बाजारात जाणार असेल तर त्याला सांगा, पांढरी शुभ्र चमकणारी उचलू नकोस, ती एकतर कोणीतरी ऍसिडमधून काढलेली असतात किंवा पर्यटकांसाठी ओतलेली, कडेला बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि जोडाची रेघ दिसते का बघ. काळपट, सपाट, अक्षरं वाचता येणारी घे, आणि विकणाऱ्यानं पाकिटावर राज्य, साल लिहिलेलं असेल तर ते पाकीटही सोबत घे, फेकू नकोस. आणि त्या १७५३ वाल्याचे दोन्ही बाजूंचे, तिरक्या उजेडातले फोटो टाका, गालावरची लाली दिसेल असे.